मन सांभाळणाऱ्यांचे मन: जपानमधील बर्नआउटचे गणित

जपानमध्ये काम संपवून निघताना सहकारी एकमेकांना ‘ओत्सुकारेसामा देश्ता’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी ‘थकणे’ आहे. ‘दमलात, तुमच्या कष्टांची जाण आहे’ असा त्याचा भाव. पण झोप काढूनही न जाणाऱ्या थकव्याला इथे वेगळा शब्द आहे: ‘मोएत्सुकी’, म्हणजे जळून संपणे. हाच आपला बर्नआउट.

ही संज्ञा रुजली तीही सेवा देणाऱ्यांमुळेच. न्यूयॉर्कमध्ये मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी उत्साही कार्यकर्ते हळूहळू विझताना पाहिले आणि १९७४ मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी तो मोजण्याची प्रश्नावली दिली. तिच्यात तीन गोष्टी तपासतात:

१. भावनिक थकवा: देण्यासारखे काही उरलेच नाही असे वाटणे.
२. माणसाला माणूस न मानणे: पेशंटचे नाव जाऊन ‘तीन नंबरची खाट’ उरणे.
३. आपल्या कामाने काही साध्य होत नाही ही भावना.

यातली दुसरी गोष्ट सर्वांत धोक्याची, कारण तिची किंमत पेशंट मोजतो. शस्त्रक्रियेत हत्यार हातात असते. मानसोपचारात ऐकणारा माणूस हेच हत्यार. ते बोथट झाले तर उपचारच बोथट होतो.

आता जपानचे गणित पाहू. १९५८ मध्ये सरकारने मनोरुग्णालयांना कमी मनुष्यबळावर चालण्याची मुभा दिली: सामान्य रुग्णालयाच्या तुलनेत डॉक्टर एक तृतीयांश, परिचारिका दोन तृतीयांश. सामान्य वॉर्डात १६ रुग्णांमागे एक डॉक्टर, तर इथे ४८ रुग्णांमागे एक. स्वतंत्र मनोरुग्णालयांत डॉक्टरांचे हे प्रमाण अजूनही चालते. देशात मनोरुग्णांसाठी ३ लाखांहून अधिक खाटा आहेत. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण विकसित देशांत सर्वाधिक. सरासरी मुक्काम २०० दिवसांहून जास्त. म्हणजे तेच चेहरे, तीच दुःखे, सुधारणा अगदी संथ आणि हात अपुरे.

अमेरिकी संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडले की नुसत्या कामाच्या ओझ्यापेक्षा ‘ओझे जास्त आणि निर्णयाचे स्वातंत्र्य कमी’ ही जोडी माणसाला अधिक पोखरते. रात्रपाळीतल्या परिचारिकेची अवस्था नेमकी हीच: वॉर्ड तिच्या भरवशावर, पण नियम आणि मनुष्यबळ ठरवणारे दुसरेच.

डिसेंबर २०१५ पासून जपानमध्ये ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी वर्षातून एकदा ताण-तपासणी घेणे बंधनकारक आहे. त्यासाठी साधारणपणे ५७ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. पाऊल चांगले आहे. पण व्यक्तीची तपासणी सक्तीची, तर विभागवार निकाल पाहून कामाची रचना सुधारणे मालकाच्या प्रयत्नांवर सोडलेले. ताप मोजायचा, पण डासांचे डबके तसेच ठेवायचे, असा हा प्रकार.

जागतिक आरोग्य संघटनाही बर्नआउटला आजार मानत नाही; तिच्या लेखी ती नीट न हाताळलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी स्थिती आहे. म्हणून ध्यान, योग, सुट्टी यांनी आधार मिळतो, पण ४८ चे १६ होत नाहीत.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी परिचारिका, समुपदेशक किंवा डॉक्टर आहे, इथे परदेशात किंवा तिकडे ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत. पुढच्या फोनवर ‘स्वतःची काळजी घे’ म्हणण्याआधी एक विचारा: ‘तुझ्या वाट्याला किती पेशंट असतात गं?’