टिल्लूचा तास : उंदीर पकडणारा कुत्रा आणि घरातलं विष

पाचवीच्या वर्गात 'माझा आवडता प्राणी' हा निबंध दरवर्षी होतो. निम्म्याहून जास्त वह्यांत कुत्रा असतो आणि सगळीकडे तीच चार वाक्यं : कुत्रा इमानदार प्राणी आहे, त्याला चार पाय असतात, तो घराची राखण करतो, तो मला फार आवडतो. यंदा निबंध द्यायच्या आधी मी आमच्या टिल्लूलाच वर्गात नेलं. त्या तासाचं हे टिपण. शिक्षक मित्रांना तास जसाच्या तसा घेता येईल. पालकांनी निदान विषाचा भाग तरी वाचावा.

टिल्लू जॅक रसेल टेरियर आहे. नागपूरच्या भावाची बदली झाली, नव्या घरात कुत्रा चालेना, म्हणून तो चामोर्शीला आमच्याकडे आला. उंची जेमतेम फूटभर, अंग पांढरं, कानांवर तपकिरी डाग. "सर, हा मोठा कधी होईल जी?" एकाने विचारलं. तो चार वर्षांचा आहे म्हटल्यावर वर्ग हसला.

फळ्यावर 'टेरियर' शब्द लिहिला. लॅटिनमध्ये 'तेर्रा' म्हणजे जमीन. जमिनीत शिरणारा, तो टेरियर. इंग्लंडमध्ये जॉन रसेल (१७९५–१८८३) नावाचे पाद्री होते, शिकारीचे भारी शौकीन. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ साली, त्यांनी एका दूधवाल्याकडून 'ट्रम्प' नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून हा वंश वाढला, असं सांगतात. कोल्ह्याच्या बिळात शिरून त्याला बाहेर हुसकायचं, हे या कुत्र्याचं काम. म्हणून छाती अरुंद हवी. पुढच्या पायांमागे दोन्ही हातांचे पंजे गुंडाळले तर त्यात मावली पाहिजे. मुलांनी एकेक करून हात लावून पाहिले. दोरीने मोजली तर ४२ सेंमी भरली. या जातीच्या मापात उंचीच्या दर ५ सेंमीला १ किलो वजन धरतात, मग ३० सेंमी उंचीच्या टिल्लूचं वजन किती? गुणोत्तराचं उदाहरण वर्गात उभंच होतं, आणि तेही अगदी शांतपणे. मला त्याचा अभिमान वाटला. तो का वाटायला नको होता, ते पुढे सांगतो.

आमच्याकडे टिल्लूच्या वाट्याला कोल्हे नाहीत, उंदीर आहेत. मांजर उंदराशी खेळते. टेरियर खेळत नाही. मानेला धरतो, एक झटका देतो, टाकून देतो आणि दुसऱ्याच्या मागे लागतो. उंदरांबद्दल मात्र मुलांनीच मला शिकवलं. बांधीच्या धुऱ्यात बीळ करणारा उंदीर धानाच्या लोंब्या तोडून आत साठवतो, कापणी झाली की पोरं ती बिळं उकरतात, कोणत्या बिळात धान निघेल ते तोंडाशी पडलेल्या ताज्या मातीवरून कळतं. पुस्तकात यातलं काही नाही.

असा कुत्रा पाळायचा तर त्याचं काम समजून घ्यावं लागतं. अंगणातला अद्रकाचा वाफा त्याने तीनदा उकरला. घरात रागावणं झालं, उपयोग शून्य. शेकडो पिढ्या उकरण्यासाठीच निवडलेला कुत्रा उकरणारच. आता रेतीच्या ढिगात त्याचा चेंडू पुरून ठेवतो, वाफा वाचला. सकाळ-संध्याकाळ मिळून तासाभराची पायपीट लागते. आमच्याकडच्या मे महिन्यात ती सूर्य वर यायच्या आत उरकायची. रस्त्यावर हाताची पाठ पाच सेकंद ठेववत नसेल, तर त्याचे पायही भाजतात. उंदीर असतात तिथे साप येतात आणि टेरियर मागे हटत नाही, म्हणून पावसाळ्यात अंधार पडला की पट्टा. जंगल जवळ आहे, बिबट्याचं भय आहे, तेव्हा रात्री घरातच. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे दरवर्षी. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, कुत्र्यालाही आणि रोवणीच्या चिखलात पायाला जखम घेऊन उतरलेल्या माणसालाही. कुत्र्यासाठी त्याचीही लस आहे.

आता विषाचं. त्या तासाला मागच्या बाकावरची एक मुलगी पुढे आली. तिच्या घरी बकऱ्या आहेत. तिने टिल्लूची खालची पापणी अंगठ्याने ओढली आणि म्हणाली, "सर, याचे डोरे पांढरे दिसून राहिले जी. आमची बकरी अशी झाली की बाबा दवाखान्यात नेतेत." मी ओठ वर करून पाहिला. हिरड्या गुलाबी हव्यात, त्या कागदासारख्या होत्या. एका जागी कधीही न थांबणारा कुत्रा मोजमापाला शांत उभा राहिला होता, तो शहाणा झाला म्हणून नव्हे.

पशुवैद्यकांचा पहिला प्रश्न : घरात उंदराचं औषध टाकलंय का? मी 'नाही' म्हणणार होतो. मग आठवलं. टिल्लू यायच्या आधी धानाच्या पोत्यांमागे ब्रोमॅडिओलोनच्या वड्या मीच ठेवल्या होत्या. घरी येऊन पोती सरकवली, तर एक वडी अर्धी खाल्लेली, आणि दातांच्या खुणा उंदराच्या नव्हत्या.

हे विष कसं काम करतं ते आठवीच्या मुलांनाही सांगता येईल. रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागतं. ते शरीरात पुन्हा पुन्हा वापरलं जातं, आणि हे विष नेमका तो फेरवापर बंद पाडतं. साठा संपेपर्यंत प्राणी ठणठणीत दिसतो. दोन ते पाच दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. विष घेतलेला उंदीरसुद्धा दिवसभर सुस्त फिरतो आणि कुत्र्याच्या, घुबडाच्या तोंडी सहज लागतो. विष यकृतात साठतं, म्हणजे उंदीर खाणाऱ्यालाही बाधतं. यावर के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. टिल्लूला आधी इंजेक्शन दिलं, नंतर महिनाभर गोळ्या चालल्या. झिंक फॉस्फाईडची काळपट भुकटी मात्र याहून वाईट. पोटातल्या आम्लाशी मिळून तिचा विषारी वायू होतो आणि त्याला उतारा नाही.

रांगणाऱ्या लेकराचा हातही कुत्र्याच्या तोंडाइतकाच खाली असतो. कोणी काही खाल्ल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट पाहू नका. औषधाचं पाकीट सोबत घ्या आणि निघा. कोणतं विष ते कळलं तरच उपचार ठरतो.

आमच्या घरातलं विष गेलं. पोती आता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर आहेत. बिळं सिमेंट आणि काचेचे तुकडे घालून बुजवली, दोन पिंजरे आणले. शेजारी तीन घरांत जाऊन सांगून आलो, की वड्या टाकाल तेव्हा आधी कळवा. दोघांनी मान डोलावली. तिसऱ्या काकाजींनी विचारलं, "कुत्र्यासाठी आम्ही धान उंदराला खाऊ द्यावं का?" प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांना एक पिंजरा देऊन आलो. त्यांच्या बाजूचं फाटक मात्र अजून बंदच ठेवतो.

निबंध पुढच्या आठवड्यात झाले. त्या मुलीने कुत्र्यावर लिहिलंच नाही, बकरीवर लिहिलं. पापणी कशी बघायची, ते चित्र काढून.