जुने जीपीएस मशीन घ्यावे का?

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्काच्या जंगलाची हद्द फिरून नोंदवायची आहे. गडचिरोलीत एक जण हातात धरायचे जुने, पिवळे जीपीएस मशीन विकतो आहे. गावात मात्र मतभेद आहेत. कोणी म्हणतो त्याचे रिचार्ज संपले असेल, कोणी म्हणतो जुन्या मशीनला आता उपग्रह सापडत नाहीत, तर कोणी म्हणतो आपल्या भागात असले यंत्र जवळ दिसले की पोलीस धरतील. शिवाय प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहेच. मग हे मशीन घ्यावे की नको? (एक वाचक, कोरची तालुका)

उत्तर : शंका एकाच यंत्राच्या असल्या तरी कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेऊ.

रिचार्जची भीती आधी मनातून काढा. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटरवरून वेळेचे आणि स्वतःच्या जागेचे संकेत सतत पाठवत असतात. तुमचे मशीन ते संकेत फक्त ऐकते, जसा रेडिओ आकाशवाणी ऐकतो. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की ते स्वतःची जागा काढते. उलट दिशेने काहीच जात नाही, त्यामुळे सिम लागत नाही, नेट लागत नाही आणि कोणाला पैसेही द्यावे लागत नाहीत. लागतात ते दोन पेन्सिल सेल.

‘उपग्रह सापडत नाहीत’ ही तक्रार अगदीच निराधार नाही. मशीन वर्षभर कपाटात पडले असेल, तर कोणता उपग्रह आकाशात कुठे असेल याची त्याच्याजवळची माहिती शिळी होते. ती सगळी माहिती उपग्रहाकडून नव्याने यायला साडेबारा मिनिटे लागतात. विकणारा दुकानाच्या छपराखाली दोन मिनिटे मशीन दाखवतो, जागा मिळत नाही आणि घेणारा ते बिघडले समजून निघून जातो. मोकळ्या मैदानात वीस मिनिटे ते स्थिर ठेवा, मग ठरवा.

दुसरी गंमत तारखेची. जीपीएसच्या मूळ संकेतात आठवडे मोजले जातात, पण मोजणी 1024 आठवड्यांपर्यंतच जाते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. असे ऑगस्ट 1999 मध्ये झाले आणि एप्रिल 2019 मध्येही झाले. काही जुनी मशीने तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षे मागची तारीख दाखवतात. जागा बहुधा बरोबरच येते, पण दाव्यासोबत जोडायच्या नोंदीवर चुकीची तारीख पडणे बरे नाही. कंपनीचे नवे सॉफ्टवेअर त्या मॉडेलसाठी निघाले असेल तर टाकून घ्या. नसेल तर तारीख वहीत वेगळी लिहा.

आता पोलिसांचे. आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगायला बंदी आहे ती उपग्रह फोनला आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणाऱ्या यंत्रांना. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका परदेशी पर्यटकावर कारवाई झाली, ती अशाच यंत्रामुळे. काही नव्या मशीनमध्ये जीपीएस आणि ही संदेशाची सोय एकत्र असते आणि बाहेरून ती साध्या मशीनसारखीच दिसतात. म्हणून मशीनवर ‘एसओएस’चे बटण असेल किंवा मासिक वर्गणीची भाषा निघाली, तर ते घेऊ नका. नुसते ऐकणारे साधे मशीन बाळगायला हरकत नाही. तरी आतल्या भागात फिरताना खरेदीचे बिल आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत सोबत असावी. विचारणा झाली तर उत्तर हातात असते.

खरा विचार करायचा आहे तो अचूकतेचा. उघड्यावर असे मशीन तीन ते पाच मीटर इकडेतिकडे चुकते. बांबूच्या रांजीत किंवा पानांनी भरलेल्या सागवनात संकेत पानांत आणि खोडांत अडतात, आपटून येतात, तेव्हा चूक दहा मीटर किंवा त्याहून जास्त होते. हद्दफेरी साग निष्पर्ण असताना, उन्हाळ्याच्या तोंडाशी काढलेली बरी, ती याचसाठी.

ही चूक कुठे पचते आणि कुठे नाही, ते आकड्यांत पाहा. समजा, मशीनने चारही बाजूंना पाच-पाच मीटर बाहेरची रेघ दाखवली. एक एकराचा चौकोनी तुकडा साधारण 63 मीटर लांब-रुंद असतो. तो 73 मीटरचा दिसेल आणि क्षेत्र एक तृतीयांशाने फुगेल. वैयक्तिक दाव्याची कमाल मर्यादा चार हेक्टर. तेवढ्या, 200 मीटर बाजूच्या तुकड्यातही दहा टक्के वाढ दिसेल. पण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये मिळालेले सुमारे 1,800 हेक्टरांचे सामूहिक वनक्षेत्र घ्या; तिथे याच चुकीने अर्धा टक्काही फरक पडत नाही. म्हणजे तुमच्या कामाला हे मशीन योग्य आहे. शेजाऱ्याशी बांधाचा वाद मिटवायला ते काढू नका, तिथे टेपच हवी.

मशीनची रेघ म्हणजे हक्काचा पुरावा, असाही एक समज पसरला आहे. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांनुसार उपग्रह छायाचित्रे आणि असे तंत्रज्ञान इतर पुराव्यांना जोड देऊ शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही. जुन्या माणसांनी दाखवलेली देवस्थाने, नाले, गुरांच्या वाटा यांचे मोल मशीनमुळे कमी होत नाही.

मशीनच्या सेटिंगमध्ये ‘मॅप डेटम’ नावाची एक ओळ असते. ती डब्ल्यूजीएस 84 अशीच हवी. जुन्या स्थलदर्शक नकाशांसाठी कोणी ती बदलून ठेवलेली असेल, तर आपल्या भागात जागा शे-दोनशे मीटर सरकते आणि मशीनला उगाच दोष लागतो. आपला गडचिरोली जिल्हा यूटीएम पद्धतीत 44 क्रमांकाच्या पट्ट्यात येतो, तेही तपासा.

मोबाईलचे म्हणाल, तर त्यातला जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतो आणि चांगल्या फोनची अचूकता जुन्या मशीनहून कमी नसते. पण दिवसभर नोंद सुरू ठेवली की बॅटरी उतरते, उन्हात पडदा दिसत नाही आणि नाल्यात पडला तर दिवसाची नोंदही जाते. दोन्ही सोबत न्या. गाडीत लावायचे जुने नकाशायंत्र मात्र घेऊ नका. त्यातल्या नकाशात सिरोंचाजवळचा गोदावरीवरचा पूलही कदाचित नसेल आणि जंगलातली पायवाट त्याला कळत नाही.

घेताना सेलचा कप्पा उघडून पाहा. पट्ट्यांवर पांढरट-हिरवट थर असेल तर सेल गळलेले आहेत. कडेचे रबर सुटले असेल तर पावसात पाणी शिरेल. ‘ईट्रेक्स’ नावाच्या जीपीएस मशीनची 2011 पासूनची मॉडेले, म्हणजे ईट्रेक्स 10, 20 आणि 30, रशियाचे ग्लोनास उपग्रहही वापरतात. झाडीत त्याचा उपयोग होतो, त्यामुळे थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. शेवटी शाळेच्या मैदानाला दोन फेऱ्या मारून दोन्ही वेळचे क्षेत्र टेपच्या मापाशी ताडून बघा.

पुढे कधी तुम्ही ते विकाल, तेव्हा आतल्या सगळ्या खुणा आणि वाटा पुसा. मधाची पोळी, वाघाच्या वावराच्या जागा परक्याच्या हाती जाऊ नयेत. ग्रामसभेची वस्तू असल्याने ठराव करा आणि जडसंग्रह नोंदवहीतून नोंद कमी करा. आणि आत्ता घेताना मशीनवर एखाद्या खात्याचा क्रमांक कोरलेला दिसला व विकणाऱ्याकडे बिल नसले, तर किंमत कितीही कमी असो, तिथून परत या.