घटक ५ : सरकारी अभियोक्ता – पद, कारकीर्द आणि पर्यवेक्षण

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• 'सरकारी वकील' आणि 'सरकारी अभियोक्ता' या संज्ञांमधील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• अभियोक्त्याच्या पदांची उतरंड आणि त्याच्या कारकिर्दीचे टप्पे सांगता येतील.
• 'पर्यवेक्षण' व 'नियंत्रण' यांतील फरक प्रत्यक्ष खटल्यांच्या आधारे तपासता येईल.
• न्यायव्यवहारविषयक बातमी किंवा टिपण अचूक शब्दांत लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन मराठीचा परिचय करून घेतला. या घटकात न्यायव्यवहारातील एका पदाचा विचार करावयाचा आहे. वृत्तपत्रांत 'सरकारी वकिलांनी जोरदार युक्तिवाद केला', 'सरकारी वकिलांनी फाशीची मागणी केली' अशी वाक्ये आपण नेहमी वाचतो. ती वाचताना मनात एक चित्र तयार होते : आरोपीचा जसा वकील, तसाच सरकारचा वकील; एकाला आरोपी सोडवायचा आहे, दुसऱ्याला त्याला शिक्षा घडवायची आहे. हे चित्र सोयीचे असले तरी कायद्याला अभिप्रेत असलेले नाही. या पदाचे लोकव्यवहारातील नाव आणि त्याचे कायद्यातील स्वरूप यांत अंतर आहे. ते समजून घेतल्याशिवाय त्या पदाची कारकीर्द आणि त्यावरील देखरेख यांचा अर्थ नीट लागत नाही.

५.२ दोन संज्ञा, दोन परंपरा

'वकील' हा अरबी शब्द फारसीच्या मार्गाने मराठीत आला. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, मुखत्यार हा त्याचा मूळ अर्थ. पेशवाईत परदरबारी पाठवलेल्या प्रतिनिधीलाही 'वकील'च म्हणत. म्हणजे वकिलाला कोणीतरी पाठवणारा असतो आणि त्याचे हित सांभाळणे हे वकिलाचे काम असते.

'अभियोग' हा शब्द संस्कृत आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात तो दोषारोप किंवा फिर्याद या अर्थाने येतो. त्यावरून 'अभियोक्ता' म्हणजे न्यायासनासमोर आरोप मांडणारा. या शब्दात आरोप मांडण्याची क्रिया आहे. कोणाच्या वतीने, हे त्यात अनुस्यूत नाही. शासनव्यवहारात 'सरकारी अभियोक्ता' ही संज्ञा रूढ झाली. पण बोलीत आणि बातमीत 'सरकारी वकील' टिकून राहिला.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना हे सहज जाणवेल. निजामाच्या राजवटीत येथील न्यायालयांचे कामकाज उर्दूतून चाले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राजवट बदलली, तरी शब्द राहिले. 'फिर्याद', 'जबाब', 'मुद्देमाल' हे शब्द आजही खेड्यापाड्यांत सर्वांना कळतात. 'पंचनामा' आणि 'साक्षीदार' या शब्दांत तर संस्कृत आणि फारसी अंशांचा संयोग आहे. यातले कोणतेही शब्द त्याज्य नाहीत. मात्र 'वकील' या शब्दाबरोबर येणारी 'अशिलाचे हित' ही कल्पना आपण नकळत अभियोक्त्यावर लादतो, एवढे ध्यानात ठेवावे.

५.३ पदांची उतरंड

धाराशिव तालुक्यातील तेर येथे एखादा गुन्हा घडला अशी कल्पना करू. गुन्हा साधा असेल तर खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात चालतो. तेथे 'सहायक सरकारी अभियोक्ता' आरोप मांडतो. गुन्हा गंभीर असेल, उदाहरणार्थ खून, तर खटला धाराशिवच्या सत्र न्यायालयात जातो. तेथे जिल्ह्याचा सरकारी अभियोक्ता किंवा अतिरिक्त सरकारी अभियोक्ता उभा राहतो. पुढे अपील झाले तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात तेथील अभियोक्ते काम पाहतात.

या पदांवर येण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. महाराष्ट्रात सहायक सरकारी अभियोक्त्यांची निवड लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते. ती नियमित शासकीय सेवा आहे. जिल्ह्याच्या सरकारी अभियोक्त्यासाठी किमान सात वर्षे वकिलीचा अनुभव आवश्यक असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ नुसार जिल्हादंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची सूची तयार करतात आणि तीतून राज्य शासन नेमणूक करते. एखाद्या विशिष्ट खटल्यासाठी वा खटल्यांच्या वर्गासाठी 'विशेष सरकारी अभियोक्ता' नेमता येतो. त्यासाठी दहा वर्षांचा अनुभव लागतो.

गाजलेल्या खटल्यांत आपल्याला दिसतो तो बहुधा हा विशेष अभियोक्ता. उज्ज्वल निकम यांची कारकीर्द हे त्याचे परिचित उदाहरण. जळगाव येथे वकिलीस आरंभ करून त्यांनी जिल्हा पातळीवर सरकारी बाजू मांडली. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात ते विशेष अभियोक्ता झाले आणि नंतर अनेक महत्त्वाच्या खटल्यांत त्यांची नेमणूक झाली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांनी लोकसभेची निवडणूक लढवली आणि २०२५ मध्ये ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य झाले. जिल्हा न्यायालयापासून संसदेपर्यंतचा हा प्रवास या पदाला लाभणारी प्रसिद्धी दाखवतो. तिच्यातून उद्भवणाऱ्या प्रश्नाकडे आपण पुढे येणार आहोत.

५.४ एक घटना, तीन अभियोग

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात १६६ जणांचा मृत्यू झाला. या एकाच घटनेतून वेगवेगळ्या यंत्रणांचे अभियोग उभे राहिले.

पहिला राज्याचा. तपास मुंबई पोलिसांनी केला, अकरा हजारांहून अधिक पानांचे दोषारोपपत्र दाखल झाले आणि ऑर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांच्यासमोर खटला चालला. विशेष अभियोक्ता उज्ज्वल निकम होते. मे २०१० मध्ये अजमल कसाबला फाशीची शिक्षा झाली. त्याच निकालात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या दोन भारतीय सहआरोपींना न्यायालयाने सोडून दिले. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशी आणि सुटका हे दोन्ही निर्णय कायम केले.

दुसरा केंद्राचा. हल्ल्यानंतर लगेच, डिसेंबर २००८ मध्ये, राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा झाला. या संस्थेच्या खटल्यांसाठी अभियोक्ते केंद्र शासन नेमते. डेव्हिड हेडली, तहव्वूर राणा व इतरांविरुद्ध या संस्थेने २००९ मध्ये गुन्हा नोंदवला. एप्रिल २०२५ मध्ये राणाला अमेरिकेतून भारतात आणले गेले, तेव्हा केंद्रीय गृहमंत्रालयाने नरेंद्र मान यांना तीन वर्षांसाठी विशेष अभियोक्ता नेमले.

तिसरा अमेरिकेच्या संघराज्याचा. हेडली हा अमेरिकी नागरिक. त्याच्यावर शिकागोच्या संघीय न्यायालयात खटला झाला आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेत संघीय न्यायालयांची ९४ परिक्षेत्रे आहेत. परिक्षेत्राच्या प्रमुख अभियोक्त्याची निवड राष्ट्राध्यक्ष करतात, तिला सिनेटची संमती लागते आणि त्याच्या हाताखाली साहाय्यक अभियोक्त्यांचे कार्यालय असते. म्हणजे तेथे गाजलेला खटलासुद्धा एका कायम कार्यालयाच्या देखरेखीखाली चालतो. आपल्याकडे मात्र तो अनेकदा त्या खटल्यापुरत्या नेमलेल्या व्यक्तीच्या हाती असतो. नेमणूक खटल्यापुरती असली की देखरेख कोणाची, हा प्रश्न अधिक नाजूक होतो.

५.५ पर्यवेक्षण आणि नियंत्रण

'पर्यवेक्षण' म्हणजे काम नीट होते की नाही हे पाहणे. 'नियंत्रण' म्हणजे काम कसे व्हावे हे ठरवण्याची सत्ता. व्यवहारात हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. अभियोक्त्याच्या बाबतीत तसे करून चालत नाही. कोणाची बदली कोठे, रजा कधी, कोणता खटला कोणाकडे, हे प्रशासनाचे विषय आहेत. हाती आलेला पुरावा न्यायालयापुढे ठेवण्याजोगा आहे काय, खटला मागे घ्यावा काय, हा निर्णय अभियोक्त्याचा आहे.

ही मर्यादा आखण्यात महाराष्ट्रातील दोन प्रकरणांचा वाटा मोठा आहे. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९४) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी अभियोक्ता हा तपास यंत्रणेचा भाग नसून कायद्याने निर्माण केलेला स्वतंत्र अधिकारी आहे. 'टाडा'खालील आरोपीची कोठडी वाढवून मागण्यापूर्वी त्याने तपास अधिकाऱ्याचे म्हणणे स्वतःच्या बुद्धीने तपासले पाहिजे. पोलिसांचा अर्ज जसाच्या तसा पुढे सरकवणे पुरेसे नाही. पुढच्याच वर्षी, एस. बी. शहाणे यांच्या प्रकरणात (१९९५), महाराष्ट्रातील सहायक अभियोक्ते अजूनही पोलीस खात्याच्या नियंत्रणाखाली असल्याचे न्यायालयापुढे आले. त्यांचा स्वतंत्र संवर्ग करावा आणि त्यांच्यावर पोलीस खात्याचे नियंत्रण नसावे, असा आदेश झाला.

आजची रचना नव्या संहितेच्या कलम २० मध्ये आहे. राज्याच्या अभियोग संचालनालयाचा प्रमुख 'अभियोग संचालक'. दहा वर्षे वा अधिक कारावास, जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यांवर त्याची देखरेख असते. सात ते दहा वर्षांच्या आतील शिक्षेचे खटले उपसंचालकाकडे आणि सात वर्षांहून कमी शिक्षेचे सहायक संचालकाकडे असतात. हा संचालक गृहविभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली असतो. पोलीस खातेही त्याच विभागाखाली येते. केंद्रीय अन्वेषण विभागातही अभियोग संचालनालय आहे, पण त्याचा संचालक त्या विभागाच्या संचालकाच्या देखरेखीखाली व नियंत्रणाखाली काम करतो. कागदावर तपास आणि अभियोग वेगळे झाले. वरच्या पायरीवर मात्र ते पुन्हा एकत्र येतात.

याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे मालेगावच्या खटल्यात दिसले. २९ सप्टेंबर २००८ च्या बॉम्बस्फोटाचा तपास आधी राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडे होता. तो २०११ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला. विशेष अभियोक्ता रोहिणी सालियन यांनी जून २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले की, आरोपींबाबत सौम्य भूमिका घ्यावी असा निरोप आपल्याला संस्थेच्या अधिकाऱ्याकडून मिळाला. संस्थेने हा आरोप नाकारला. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी सातही आरोपींना सोडले. निकालाचे गुणदोष हा आपला विषय नाही. आपल्यापुरता मुद्दा असा की, असा निरोप आल्याचे अभियोक्त्याला वाटले तर त्याने दाद कोठे मागावी, याचे स्पष्ट उत्तर देणारी रचना आपल्याकडे नाही. सालियन यांना वृत्तपत्राकडे जावे लागले.

५.६ अभियोक्त्याचे शब्द

बाहेरचा दबाव हा एक धोका, तर प्रसिद्धीचा मोह हा दुसरा. कसाबने कारागृहात बिर्याणी मागितली, असे विधान खटल्याच्या काळात प्रसारमाध्यमांतून सर्वत्र पोहोचले. २०१५ मध्ये जयपूर येथील एका परिषदेत निकम यांनी स्वतःच सांगितले की, ती मागणी घडलेली नव्हती. आरोपीविषयी निर्माण होऊ पाहणारी सहानुभूती रोखण्यासाठी आपण ते विधान केले. न्यायालयातील पुरावा त्यामुळे बदलला नाही आणि शिक्षा त्या विधानावर झालेली नाही. तरीही भाषेच्या अभ्यासकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा. न्यायालयात बोललेले प्रत्येक वाक्य विरुद्ध पक्षाच्या प्रतिवादाच्या कक्षेत येते. न्यायालयाच्या पायरीवर बोललेले येत नाही. ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही वाक्ये एकाच पदाच्या अधिकाराने बोललेली वाटतात. वक्त्याच्या पदामुळे वाक्याला वजन येते, म्हणूनच त्या पदावरील व्यक्तीने शब्द अधिक जपून वापरावयाचे असतात.

अभियोक्त्याचे नेमके काम समजण्यासाठी तेरचेच एक उदाहरण पुरे आहे. संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके थापटून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही आख्यायिका आपण सर्व जाणतो. नामदेव सर्वांचे लाडके होते. तरी निर्णय बदलला नाही. पोलिसांकडून आलेला पुरावा असाच थापटून पाहणे आणि कच्चा असेल तर तसे सांगणे, ही अभियोक्त्याची जबाबदारी आहे. शिक्षांची संख्या ही त्याच्या यशाची एकमेव मोजपट्टी नव्हे. दोन सहआरोपींची सुटका झाली म्हणून कसाबचा खटला कमकुवत ठरत नाही; उलट पुराव्याची पारख झाली, एवढे त्यातून सिद्ध होते.

५.७ सारांश

'सरकारी वकील' या रूढ शब्दामुळे अभियोक्ता हा सरकारचा मुखत्यार वाटतो. कायद्याच्या दृष्टीने तो तपास यंत्रणेपासून वेगळा, स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेणारा अधिकारी आहे. त्याच्या कारकिर्दीचे मार्ग परीक्षा, सूची आणि विशेष नेमणूक असे तीन आहेत. त्याच्या कामावर पर्यवेक्षण आवश्यक आहे; त्याच्या निर्णयावर नियंत्रण मात्र घातक आहे. आपण बातमी किंवा टिपण लिहिताना 'आरोपी' आणि 'दोषी', 'आरोप ठेवला' आणि 'आरोप सिद्ध झाला' यांतील भेद पाळला, तर याच तत्त्वाला आपलाही हातभार लागतो.

५.८ सरावासाठी प्रश्न

१. 'वकील' आणि 'अभियोक्ता' या शब्दांची व्युत्पत्ती व अर्थच्छटा सांगून त्यांतील भेद स्पष्ट करा.
२. 'पर्यवेक्षण' आणि 'नियंत्रण' यांतील फरक १९९४ व १९९५ च्या निर्णयांच्या आधारे विशद करा.
३. खटल्यापुरती नेमणूक आणि कायम कार्यालय या दोन पद्धतींचे गुणदोष लिहा.
४. आपल्या जिल्ह्याच्या वृत्तपत्रातील खटल्याची एक बातमी घ्या. तीत निकालापूर्वीच आरोपी दोषी असल्याचे सुचवणारे शब्द अधोरेखित करा आणि ती बातमी सुमारे शंभर शब्दांत पुन्हा लिहा.