जाळाचा आवाज ओळखताना

माजिवडा गावठाण, ठाणे (प.)
मार्गशीर्ष

चि. पुतणीस,


तुझं पत्र मिळालं. मुरबाडच्या शेतघरात पाहुण्यांच्या अंघोळीसाठी बसवलेल्या तांब्याच्या बंबातून ठोके मारल्यासारखा आवाज येतो, अंगणातल्या पत्र्याच्या शेगडीतून मधूनच ‘भप्प’ होतं, आणि विचारावं तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. कुणी म्हणतं बंब मोडीत घाल, कुणी म्हणतं काही होत नाही, जाळत राहा. दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेव. कोलशेत रोडच्या कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात माझी नोकरी सरली. तिथल्या जुन्या फायरमनांनी शिकवलेलं तुला सांगतो. आवाजाला नाव देण्याची घाई करू नये. आधी तीन गोष्टी बघाव्यात: तो कधी येतो, कुठून येतो, आणि तो सुरू होण्याआधी काय बदललं होतं.

आधी ‘कधी’ घे. पेटवल्यावर पहिल्या काही मिनिटांत आणि विझवल्यावर पत्रा टिकटिक करतो, ते त्याचं फुगणं आणि आकसणं. एक मीटर लांबीचं लोखंड तीनशे अंशांनी तापलं तर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतं. जोडावर ते अडतं, मग सुटतं, आणि सुटताना वाजतं. ही टिकटिक रोजची असेल तर तिची काळजी नको. मात्र ऐन जाळात, तापमान स्थिर असताना, एकच मोठा ‘खण्’ झाला तर त्या दिवशी शेगडी विझू दे. पूर्ण थंड झाल्यावर रात्री आत टॉर्च ठेव आणि बाहेरून बघ. चीर पडली असेल तर उजेडाची रेघ दिसेल.

‘कुठून’ हे नुसत्या कानाने कळत नाही, कारण पत्रा आणि तांबं आवाज सगळीकडे पसरवतात. लांब, कोरडी लाकडी काठी घे. तिचं एक टोक भांड्याला लाव, दुसरं कानाशी धर आणि जागा बदलत जा. जिथे आवाज सगळ्यांत स्पष्ट, तिथे त्याचं मूळ. शेगडी शिट्टी वाजवत असेल तर पेटती उदबत्ती दाराच्या कडेने आणि जोडांवरून फिरव. धूर जिथे आत ओढला जातो, तिथल्या फटीतून हवा घुसते आहे. भट्टीची माती भरली की शिट्टी थांबते.

‘काय बदललं’ हा प्रश्न लोक विसरतात आणि बहुतेक उत्तरं त्यातच असतात. जळण बदललं का? पाणी विहिरीऐवजी बोअरचं आलं का? धुराड्याला नवा वाक दिला का? वारा फिरला का? तपासतानाही एका वेळी एकच गोष्ट बदल. लाकूड, पाणी आणि हवेची झडप तिन्ही एकाच दिवशी बदलल्यावर आवाज थांबला, तर कशाने थांबला ते तुला कधीच कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा चाचपडशील.

आता जळणाचे आवाज. लाकूड फसफसतं, टोकाला फेस येतो, तेव्हा ते ओलं आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असू शकतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सहाशे किलोकॅलरी जातात. तेवढी उष्णता पाहुण्यांच्या बादलीत न जाता धुरातून निघून जाते आणि वर धुराड्यात काजळी धरते. या पावसाळ्यात तोडलेला फाटा पुढच्या हिवाळ्यासाठी रचून ठेव. तडतड आणि ठिणग्या म्हणजे लाकडातल्या पोकळ्यांत अडकलेल्या पाण्याची वाफ किंवा डिंक. त्यात दोष नाही, पण पेंढा जवळ नको.

बांबू मात्र अख्खा कधीच जाळू नकोस. प्रत्येक पेर दोन्हीकडून बंद असतं. आतली हवा आणि वाफ तापली की ते फुटतं आणि निखारे उडवतं. फोडून, चिरून मगच घाल. तसाच दुसरा धोका दगडाचा. आपल्याकडच्या काळ्या दगडात पुष्कळदा छिद्रं असतात. ओढ्यातून उचललेला ओला दगड चुलीला लावला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन त्याच्या ठिकऱ्या उडू शकतात. दगड कोरड्या जागचा घे, उन्हात चांगला वाळव आणि पहिले काही दिवस मंद जाळावर राहू दे. चुलीला आतून सिमेंट लावू नकोस, तेही असंच तडकून उडतं. माती, शेण आणि भाताचा तूस हेच उत्तम.

‘भप्प’ कशाने होतं ते नीट समजून घे. लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग वायू होऊन जळतो. पुण्याच्या प्रियदर्शिनी कर्वे यांनी केलेली ‘संपदा’ शेगडी याच तत्त्वावर चालते. ती हा वायू वर वेगळी हवा देऊन जाळते आणि खाली कोळसा उरतो. तुझ्या शेगडीत लाकूड गच्च भरून झडप मिटली, की वायू तयार होत राहतो पण त्याला हवा मिळत नाही. तो साठतो, कुठूनतरी थोडी हवा येते आणि सगळा एकदम पेटतो. अशा वेळी दार झटकन उघडलंस तर ज्वाळा तोंडावर येईल. बाजूला उभी राहा, आधी झडप थोडी उघड, जाळ मोकळा झाला की मग दार. आणि भरताना निम्मंच भर, पुन्हा पुन्हा भर.

धुराड्यातून घोंघावणं ऐकू आलं तर एक परीक्षा कर. झडप मिटल्यावर ते लगेच उतरलं तर तो फक्त जोराचा ओढा होता. झडप मिटूनही ते वाढत गेलं, धुराडं थरथरू लागलं, तर आतली काजळी पेटली आहे. घरातल्या सगळ्यांना बाहेर काढ, 101 ला फोन कर, जवळ जाणं सुरक्षित असेल तरच जाळावर कोरडी राख किंवा वाळू टाक. तापलेल्या धुराड्यावर पाणी ओतू नकोस. दर पावसाळ्यानंतर धुराडं झाडलंस तर ही वेळ सहसा येत नाही.

आता तुझा बंब. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. पाणी तापू लागलं की तो गातो: तापल्या भिंतीवर वाफेचे बारीक बुडबुडे होतात आणि वरच्या थंड पाण्यात फुटतात, त्याचा तो आवाज. अंघोळीला उकळतं पाणी लागत नाही. गाणं रंगात आलं की लाकूड मागे ओढ, तुझं बरंच सरपण वाचेल.

ठोक्यांची दोन कारणं संभवतात. पहिल्यांदा बंब काठोकाठ भर. ठोके थांबले तर पाणी कमी पडत होतं. भरूनही राहिले आणि जाळ कमी केल्यावर उतरले, तर नळीवर क्षारांचा थर बसला आहे. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती थर फोडून बाहेर पडते. तू बोअरचं पाणी लावलं आहेस, म्हणून माझा संशय यावरच आहे. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून काही तास राहू दे, आतून घास, दोनदा धुऊन काढ. बंब मोडीत घालायचं काही कारण नाही.

पण त्याचं वरचं तोंड कधीही बंद करू नकोस. झाकण घट्ट बसवू नकोस, वजन ठेवू नकोस. एक लिटर पाण्याची सोळाशे-सतराशे लिटर वाफ होते, आणि ती कोंडली तर भांडं फुटतं. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटला, त्यानंतर तिथे तपासणीचा कायदा झाला आणि पुढे 1923 साली साऱ्या देशाचा. परीक्षा दिलेल्या माणसाशिवाय बॉयलर चालवू नये हा नियम असल्याच अपघातांतून आला. तुझा बंब सुरक्षित आहे तो तोंड उघडं आहे म्हणूनच.

सगळ्यांत मोठे धोके मात्र आवाज करत नाहीत. गाणारा बंब जाळ असतानाच गप्प झाला, तर पाणी उकळून संपलं असू शकतं. टिनशिशाचा डाख 183 अंशांना वितळतो. कोरड्या बंबाचे जोड सुटायला वेळ लागत नाही. जाळ बाहेर ओढ, बंब निवू दे, मगच पाणी घाल. तापल्या कोरड्या बंबात थंड पाणी ओतलंस तर वाफेचा लोट अंगावर येईल. दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून बंब न्हाणीघरात आणू नकोस, पाहुणे थंडीने कितीही कुडकुडोत. डोकं जड झालं, गरगरलं, तर कारण शोधत बसू नये. सगळ्यांनी आधी उघड्यावर यावं.

आमच्या गावठाणात भोवती टॉवर उभे राहिले, घरोघरी पाइपचा गॅस आला, आणि हा कान कुणाला देण्याची गरज उरली नाही. लग्नकार्यात तांदळाच्या भाकऱ्या करणाऱ्या आयाबायांकडेच तो आता शाबूत आहे. जाळ कधी ओढायचा ते त्यांना न बघता कळतं. तू जाळावर पोट भरायचं ठरवलं आहेस, पाहुण्यांचा जीव तुझ्या हाती आहे, म्हणून हे शिकणं तुझ्यासाठी हौसेचं राहिलेलं नाही. बॉयलरवर पाळीच्या सुरुवातीला पाण्याची पातळी दाखवणारी काच बघून वहीत लिहायचो, तशी एक वही बंबापाशी टांग: वेळ, जळण कुठलं, पाणी कुठलं, आवाज कसा. सगळं ठीक असेल त्या दिवशीही लिही. नेहमीचा आवाज पाठ असला तरच वेगळा आवाज वेगळा वाटतो.

लिंबूसत्त्वाने धुतल्यावर ठोके राहिले की गेले, ते मला कळव. राहिले तर पुढचा उपाय करण्याआधी वहीचं पान आणि काठीने सापडलेली जागा दोन्ही पाठव. त्याआधी कुणालाही बंबाला हातोडी लावू देऊ नकोस.

तुझा,
काका