विजय बारसे सर आणि झोपडपट्टीतला फुटबॉल

‘झुंड’ म्हटलं की मुलांना अमिताभ बच्चन आठवतात. पण तो चित्रपट ज्यांच्या कामावर बेतलाय ते विजय बारसे सर आपल्या नागपूरचे आहेत, हे वर्गात सांगितलं की पोरं कान टवकारतात.

बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ सालची गोष्ट. भर पावसात झोपडपट्टीतली काही मुलं प्लास्टिकच्या फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. खेळात ती इतकी रमली होती की तेवढा वेळ तरी बाकीच्या वाईट नादांपासून लांब होती. सरांनी त्यांना फुटबॉल दिला. कोण चांगलं खेळतं, कोण नाही, ही निवड त्यांनी केलीच नाही. मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते, कारण आपण शाळेत आधी टीम निवडतो आणि उरलेल्यांना टाळ्या वाजवायला बसवतो.

पुढं ‘झोपडपट्टी फुटबॉल’ स्पर्धा भरली, शंभराहून जास्त संघ उतरले. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. सरांनी निवृत्तीचे पैसेही याच कामात घातले. अमेरिकेत असलेला मुलगा अभिजित परत येऊन याच कामाला लागला.

नागपूरच्या वस्तीतलाच अखिलेश पॉल. लहानपणी वाट चुकलेला हा मुलगा २०१० साली ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोत ‘होमलेस वर्ल्ड कप’मध्ये भारताचा कर्णधार होता! बेघर आणि वंचित खेळाडूंची ही जागतिक स्पर्धा. २०१६ मध्ये फिफानं स्लम सॉकरला विविधता पुरस्कार दिला.

त्या स्पर्धेचे नियम मात्र आपल्या कामाचे आहेत बरं का. मैदान लहान. एका बाजूनं चारच जण, गोलकीपर धरून. सात-सात मिनिटांचे दोन डाव. संघात आठ खेळाडू, आणि ते सामना चालू असतानाच आळीपाळीनं आत-बाहेर करतात. म्हणजे एका सामन्यात सोळा मुलं खेळतात. पस्तीस मिनिटांच्या तासात दोन सामने सहज बसतात, बत्तीस मुलांचे पाय चेंडूला लागतात. मोठं ग्राउंड नसलं तरी चालतं. गुण लिहायला आणि वेळ मोजायला चौथीतली मुलं घ्या, गणितही होतं. फक्त खेळाच्या तासाला गणिताचं पुस्तक काढू नका.