डोळा शांत होईपर्यंत



नेत्रसेवेचा अहवाल देण्यासाठी मी मंडळ्यांमध्ये जाते, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डोंगर उतरून, दोन गाड्या बदलून आलेल्या माणसाला तुम्ही शस्त्रक्रिया न करता परत का पाठवता? भिंगासाठी पैसे तर आम्ही दिले होते." प्रश्न रास्त आहे. या अंकातील पाठात त्याचेच उत्तर देते. ते समजले तर आपली देणगी आणि आपली प्रार्थना दोन्ही नेमक्या जागी पोहोचतील.

मोतीबिंदू वेगळा, सूज वेगळी

डोळ्याच्या बाहुलीमागे देवाने दिलेले एक पारदर्शक भिंग असते. वयाबरोबर ते गढूळ होते, त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. साधा मोतीबिंदू दुखत नाही. धुके दाटत जावे तशी नजर हळूहळू कमी होते.

डोळ्याच्या आतली सूज ही निराळी गोष्ट आहे. बुबुळाचा रंगीत पडदा आणि त्याला जोडून आत पसरलेला रक्तवाहिन्यांचा थर यांना ती येते. डॉक्टर तिला युव्हिआयटिस म्हणतात. डोळा दुखतो, उजेड सहन होत नाही, बुबुळाभोवती लाली दिसते. पण डोळे आल्यावर येतात तशी चिपडे येत नाहीत. बाहुली मागच्या भिंगाला चिकटून वेडीवाकडी होऊ शकते. कधी लाली किंवा दुखणे काहीच नसते, फक्त नजर मंदावते.

या सुजेची कारणे अनेक आहेत. क्षयरोग, कुष्ठरोग, काही सांधेदुखीचे आजार, तर कधी शरीराची संरक्षक शक्तीच आपल्या डोळ्यावर उलटते. उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसनेही ती येते. १९९३ मध्ये मदुराई भागात पूर आल्यानंतर अशा रुग्णांची साथच डॉक्टरांनी नोंदवली. पावसाळाभर चिखलात अनवाणी भातलावणी करणाऱ्या आपल्या लोकांसाठी ही माहिती महत्त्वाची आहे.

आता मुख्य मुद्दा. ही सूज दीर्घकाळ राहिली तर तिच्यामुळेही मोतीबिंदू होतो. म्हणून तिशी-चाळिशीतला माणूस मोतीबिंदू घेऊन आला की आम्ही आधी विचारतो : हा वयाचा मोतीबिंदू आहे, की सुजेचा?

औषध तारते आणि मारतेही

सूज उतरवण्यासाठी पहिले औषध म्हणजे स्टेरॉइडचे थेंब. त्यांच्यासोबत बाहुली मोठी करणारे थेंब देतात, म्हणजे ती चिकटत नाही आणि दुखणे कमी होते. स्टेरॉइड वेळेवर आणि देखरेखीखाली दिले तर डोळा वाचतो. पण तेच थेंब महिनोन्महिने घातले तर मोतीबिंदू वाढतो आणि काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. आठवडी बाजारातल्या दुकानातून "लाल डोळ्याचे औषध" म्हणून घेतलेली बाटली म्हणूनच धोक्याची.

ज्यांची सूज पुन्हा पुन्हा उलटते, त्यांना स्टेरॉइड कमी करता यावे म्हणून दुसरी औषधे देतात. त्यांतली कोणती चांगली, हे पाहण्यासाठी भारतासह पाच देशांत २१६ रुग्णांवर एक अभ्यास झाला. भारतातील अरविंद नेत्ररुग्णालयांचा त्यात मोठा वाटा होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार जुने आणि स्वस्त मेथोट्रेक्सेट हे महागड्या मायकोफेनोलेटपेक्षा कमी पडले नाही. गरिबांची सेवा करणाऱ्यांसाठी ही आनंदाची बातमी आहे. मात्र मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. मधूनमधून रक्ततपासणी लागते आणि गरोदरपणी ते चालत नाही. म्हणून गोळ्यांइतकीच घरापर्यंत जाऊन समजावणाऱ्या सेविकेची गरज असते.

भिंग किती सुरक्षित?

कृत्रिम भिंगाची कथा युद्धात सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांच्या काचेसारख्या ॲक्रिलिक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. ते तुकडे डोळ्यात राहूनही फारशी सूज येत नाही, हे डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी पाहिले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग प्रथम डोळ्यात बसवले. अनेक सहकाऱ्यांनी त्यांना वर्षानुवर्षे विरोध केला, आणि त्यातली सारीच भीती अनाठायी नव्हती. सुरुवातीची काही भिंगे जागची सरकत. बाहुलीच्या पुढे बसवलेल्या भिंगांनी कित्येकांचे बुबुळ बिघडवले आणि ती काढावी लागली. पदार्थ चांगला असून भागत नाही. भिंगाचा आकार, त्याची जागा आणि निर्जंतुकता हेही तितकेच महत्त्वाचे, हे हळूहळू कळत गेले.

भारतातील गरीब रुग्णांना हे भिंग मोठ्या प्रमाणावर देणे सुरक्षित आहे का, हा प्रश्न मदुराईतच तपासला गेला. ३४०० रुग्णांपैकी काहींना जुन्या पद्धतीची शस्त्रक्रिया करून जाड चष्मे दिले, तर काहींना बाहुलीमागे भिंग बसवले. १९९८ मध्ये निष्कर्ष आले आणि भिंगाच्या बाजूने कौल मिळाला. त्याआधी १९९२ मध्ये मदुराईत ऑरोलॅब सुरू झाली होती आणि परदेशी भिंगांच्या तुलनेत अगदी थोड्या किमतीत भिंगे मिळू लागली होती. आज आपल्या देणगीतून भिंग देता येते, त्यामागे हा इतिहास आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाची भीतीही संशोधनाने कमी केली आहे. अरविंद रुग्णालयांनी सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दिल्यावर संसर्गाचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मग परत का पाठवतो?

कारण सूज असलेल्या डोळ्यात हेच सुरक्षित भिंग त्रासाचे ठरू शकते. शस्त्रक्रिया ही स्वतःच एक जखम आहे. आत निखारा असताना फुंकर घातल्यासारखे होते. सूज भडकते, भिंगावर पेशींचा थर बसतो, बाहुली चिकटते, दृष्टिपटलात पाणी साचते. म्हणून नेत्रतज्ज्ञ साधारण तीन महिने डोळा पूर्ण शांत राहण्याची वाट पाहतात, मगच शस्त्रक्रिया करतात आणि तिच्या आधी व नंतर स्टेरॉइड देतात. एवढी काळजी घेतली तर अशा बहुतेक प्रौढांच्या डोळ्यांतही भिंग चांगले टिकते.

कुष्ठरोगातून बरे झालेल्यांबाबत अधिक जागरूक राहावे लागते. भारत, फिलिपिन्स आणि इथिओपियात झालेल्या एका दीर्घ अभ्यासात दिसले, की जास्त जंतू असलेल्या प्रकारच्या कुष्ठरोग्यांपैकी दरवर्षी सुमारे साडेपाच टक्क्यांना औषधोपचार संपल्यानंतरही डोळ्याचा नवा विकार होतो. जंतू मेले म्हणून डोळ्याचे संकट टळले असे नाही.

मार्क ८:२२-२६ मध्ये बेथसैदा येथील आंधळ्याची गोष्ट आहे. प्रभूने त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेले, स्पर्श केला आणि मग विचारले, काही दिसते का? अर्धवट दिसत होते. प्रभूने त्याला तसेच सोडले नाही, दुसऱ्यांदा हात ठेवले. मला या उताऱ्यात तो मधला प्रश्न फार मोलाचा वाटतो. उपचार केल्यावर थांबून विचारणे, आणि गरज असेल तर पुन्हा हात लावणे, हाही सेवेचाच भाग आहे.

आपण शिबिराचे यश शस्त्रक्रियांच्या आकड्यावर मोजतो. मी विनंती करते, की आणखी एक आकडा विचारत जा : परत पाठवलेल्यांपैकी किती जण औषध पूर्ण करून पुन्हा आले? तीन महिन्यांत चार वेळा तालुक्याला येणे म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडणे. तिथेच आपले रुग्ण गळतात. भिंगासाठी आनंदाने देणारे हात एसटीच्या भाड्यासाठीही पुढे आले, तर पुष्कळ डोळे वाचतील.

विचारासाठी आणि प्रार्थनेसाठी

१. आपल्या मंडळीत किंवा शेजारी कोणी डॉक्टरांना न विचारता डोळ्यात स्टेरॉइडचे थेंब घालत आहे का? त्यांना प्रेमाने तपासणीला घेऊन जा. थेंब एकाएकी बंद करायला मात्र सांगू नका.

२. ज्याचे फळ लगेच दिसत नाही, अशा सेवेसाठी आपण किती धीर धरतो?

३. जे रुग्ण आज घरी थेंब घालत डोळा शांत होण्याची वाट पाहत आहेत आणि ज्या सेविका त्यांच्या पाड्यांवर चालत जातात, त्यांच्यासाठी प्रार्थना करा.