प्रत्येक अंधुकपणा मोतीबिंदू नसतो

वय झाले, नजर मंदावली, म्हणजे मोतीबिंदू. तो पिकला की काढू, अशी समजूत आपल्या भागात सर्वत्र आढळते. काही ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र दोष डोळ्याच्या भिंगात नसून दृष्टिपटलाच्या मध्यभागी, पीतबिंदूत असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरचा चेहरा ओळखणे ही कामे याच बिंदूवर अवलंबून असतात. वयानुसार त्याचा ऱ्हास झाला तरी डोळा दुखत नाही आणि कडेची नजर शाबूत राहते. त्यामुळे घरच्यांच्या ते लक्षात येत नाही.

हा आजार दोन प्रकारचा आहे. कोरडा प्रकार सावकाश वाढतो. त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. परंतु मध्यम अवस्थेतील रुग्णांना ठरावीक जीवनसत्त्वे व जस्त दिल्यास पुढील धोका कमी होतो, हे अमेरिकेतील २००१ च्या अभ्यासात दिसून आले. ओल्या प्रकारात दृष्टिपटलाखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून पाझरतात व काही आठवड्यांतच मधली नजर जाऊ शकते. डोळा बधिर करून आत दिलेल्या इंजेक्शनाने ही वाढ रोखता येते. मूळ कर्करोगासाठीचे बेव्हासिझुमॅब हे स्वस्त औषध महागड्या रॅनिबिझुमॅबइतकेच गुणकारी असल्याचे २०११ मध्ये सिद्ध झाले. गरीब रुग्णांसाठी ही मोठीच सोय ठरली.

बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. घरी वृद्ध राहतात. मुले परतेपर्यंत थांबणे मोतीबिंदूत बहुधा चालते. येथे चालत नाही. म्हणून निघण्यापूर्वी आणि पुढे दर आठवड्याला आई-वडिलांनी एकेक डोळा झाकून खिडकीचे गज पाहावेत. गज वाकडे दिसले किंवा मध्ये काळा डाग आला, तर शेजाऱ्यांनी त्यांना त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. विडी-सिगारेटने हा धोका वाढतो, हेही ध्यानात असावे.

देणगीदारांपुढे आम्ही एक हिशेब ठेवू इच्छितो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हा एका डोळ्यामागे सहसा एकदाचा खर्च आहे. ही इंजेक्शने मात्र प्रथम तीन महिने दरमहा व पुढे तपासणीनुसार, कधी वर्षानुवर्षे द्यावी लागतात. उपचार मध्येच थांबला, तर आधीचा खर्चही वाया जाण्याची भीती असते. म्हणून एका इंजेक्शनाऐवजी एका रुग्णाचे संपूर्ण वर्ष, सोबत्याच्या बुडणाऱ्या रोजासह, आपण स्वीकारावे, ही नम्र विनंती.